विद्यार्थी-उद्योजकास मार्गदर्शकाची जोड : जालना जिल्ह्यासाठी एका ऑनलाइन व्यासपीठाचा आराखडा

जालना शहराजवळील खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात गेली अनेक वर्षे दर महिन्याच्या ५ तारखेस शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरत आले आहे. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाच्या या केंद्रात विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकारातून ही प्रथा रुजली. तारीख ठरलेली असल्यामुळे निमंत्रणाची वाट कोणी पाहत नाही. हंगामाला धरून विषय निघतो. शास्त्रज्ञ बोलतात, त्यांच्यानंतर ज्याने ते काम स्वतःच्या रानात करून पाहिले तो शेतकरी बोलतो आणि मग प्रश्नोत्तरे होतात. कडवंचीसारख्या गावाने पाणलोट विकासाची कामे करून पुढे द्राक्षबागांचे गाव म्हणून नाव मिळविले, त्यामागे पैसा व यंत्रे यांच्याइतकाच, विचारणाऱ्यास सांगणारा भेटत गेला या गोष्टीचाही वाटा आहे.

हीच सोय आपल्या कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांस, विशेषतः पदवीनंतर स्वतःचा उद्योग उभारू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांस, घरबसल्या व वर्षभर उपलब्ध करून देता येईल काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आज जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे. यास्तव विद्यार्थी आणि मार्गदर्शक यांना जोडणारे ऑनलाइन व्यासपीठ उभारणे हे तांत्रिक दृष्ट्या अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्याची आखणी शेतीच्या गतीशी जुळवून घेणे. ती जुळली नाही तर नावनोंदणी पुष्कळ होते, परंतु काम होत नाही.

जिल्ह्यातील संधी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड व घनसावंगी असे त्याचे ८ तालुके आहेत. पाऊस बेभरवशाचा असला तरी शेतीवर आधारलेल्या धंद्यांस येथे वाव मोठा आहे. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. बदनापूर येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी महाविद्यालय व संशोधन केंद्र असून तुरीचे अनेक सुधारित वाण तेथून प्रसृत झाले आहेत. २०१८ साली जालना येथे रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाल्यापासून कर्नाटकातील रामनगरापर्यंत कोष वाहून नेण्याची शेतकऱ्यांची यातायात पुष्कळशी कमी झाली आहे. बियाण्यांच्या धंद्यात तर जालन्याचे नाव देशभर घेतले जाते.

या बियाणे धंद्याचा इतिहास विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या 'पुसा सावनी' या भेंडीच्या वाणापासून बीजोत्पादनास आरंभ केला आणि १९६४ साली जालना येथे महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजेच महिको, स्थापन केली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हे यश मुख्यतः त्यांच्या धडाडीचे होय, यात शंका नाही. तथापि वाण संशोधन संस्थेचा, बीजोत्पादन शेतकऱ्यांच्या शेतावरचे आणि विक्रीची जोखीम स्वतःची, अशी तिन्ही ठिकाणच्या ज्ञानाची सांगड त्यात होती. एकट्या शास्त्रज्ञाकडून किंवा एकट्या व्यापाऱ्याकडून हे काम झाले नसते. आज उद्योगात पडू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासही या तिन्ही प्रकारच्या माणसांची गरज असते. फरक एवढाच की, ती माणसे स्वतः हुडकून काढण्याइतका वेळ व ओळख त्याच्याजवळ नसते.

सध्याची व्यवस्था आणि तिच्यातील खंड

विद्यार्थ्यांसाठी काहीच केले जात नाही असे नाही. कृषी पदवीच्या अभ्यासक्रमात ग्रामीण कार्यानुभवाचा भाग आहे. त्यासाठी गावात राहावयास आलेल्या विद्यार्थ्यांस आपण कृषिदूत व कृषिकन्या म्हणून ओळखतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या 'स्टुडंट रेडी' या कार्यक्रमाची घोषणा २५ जुलै २०१५ रोजी झाली. ग्रामीण कार्यानुभव, प्रत्यक्ष उत्पादनातून शिक्षण, उद्योगातील प्रशिक्षण व विद्यार्थी प्रकल्प ही अंगे त्याखाली एकत्र आणण्यात आली. शिक्षण पुरे झाल्यावर कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. २००२ साली सुरू झालेल्या या योजनेत ४५ दिवसांचे निवासी प्रशिक्षण दिले जाते आणि त्यानंतर एक वर्षपर्यंत प्रशिक्षण संस्थेने पाठपुरावा करावा अशी अपेक्षा ठेवली आहे. नव्या कल्पनांसाठी राष्ट्रीय कृषी विकास योजनेत २०१८-१९ पासून नवोद्योग साहाय्याचा भाग जोडण्यात आला. त्यात उद्योगपोषण केंद्रांमार्फत प्रशिक्षण व अर्थसाहाय्य दिले जाते. सर्व प्रकारच्या नवोद्योगांस मार्गदर्शक मिळवून देण्यासाठी 'स्टार्टअप इंडिया' या उपक्रमाने 'मार्ग' हे राष्ट्रीय ऑनलाइन व्यासपीठही उघडले आहे.

असे असूनही मध्ये एक खंड राहतो. कृषिदूत गावात काही आठवडे राहतो, शेतकऱ्यांशी त्याची ओळख होते, एखाद्या धंद्याची कल्पना त्याच्या मनात येते आणि नेमक्या त्याच वेळी कार्यानुभव संपून तो परीक्षेस लागतो. महाविद्यालयात त्यास शिक्षक आहेत, परंतु पदवी हाती पडली की तो संबंध सैल होतो. योजनेचा लाभ मिळावयाचा तर आधी तयार प्रकल्प अहवाल लागतो. राष्ट्रीय व्यासपीठावर जावे तर तेथे देशभरचे व सर्व धंद्यांचे मार्गदर्शक असतात. घनसावंगीच्या विहिरीचे पाणी फेब्रुवारीत कोठवर उतरते हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असणार ? कल्पना सुचल्यापासून पहिली दोन पिके किंवा पहिल्या दोन तुकड्या पदरात पडेपर्यंतचा जो काळ, तोच खरा जोखमीचा असतो, आणि नेमक्या त्या काळात विद्यार्थी एकटा पडतो. घरचे थोडे शेत, वडिलांच्या नावावरील कर्ज आणि गावातील पत, एवढेच भांडवल त्याच्या मागे असते. पहिली चूक मोठी झाली तर दुसरी संधी घर देत नाही.

एक उदाहरण : चॉकी केंद्र

उदाहरणादाखल रेशीम धंद्यातील चॉकी संगोपन केंद्र घेऊ. रेशीम अळीच्या पहिल्या दोन अवस्था फार नाजूक असतात. त्यांत उष्णता सुमारे २७ ते २८ अंश सेल्सिअस व हवेतील आर्द्रता ८५ ते ९० टक्के राखावी लागते. तुतीचा पाला कोवळा, रसदार व कीटकनाशकाचा स्पर्श न झालेला हवा असतो. प्रत्येक शेतकऱ्याने हे घरी सांभाळण्यापेक्षा एका केंद्रात अळ्या दुसरी कात टाकेपर्यंत वाढवून मग त्या शेतकऱ्यांस द्याव्या, ही पद्धत सोयीची ठरली आहे. शिकलेल्या तरुणास हा धंदा चांगला आहे. जागा थोडी लागते आणि शास्त्रीय काटेकोरपणाचे चीज होते.

आता समजा, एका विद्यार्थ्याने ५,००० अंडीपुंजांची तुकडी घ्यावयाचे ठरविले. एका शेतकऱ्यास २०० अंडीपुंज याप्रमाणे त्यास २५ शेतकरी लागतील. अळ्या देण्याच्या दिवशी त्यांतील ८ शेतकऱ्यांनी पाला तयार नाही म्हणून माघार घेतली, तर १,६०० अंडीपुंजांच्या अळ्या त्याच्या हाती उरतील. धान्याप्रमाणे त्या कोठारात ठेवता येत नाहीत. त्यांना त्याच दिवशी पाला हवा असतो. उलटपक्षी, संगोपनातच काही चुकले तर तोटा एकट्या विद्यार्थ्याचा होत नाही. १०० अंडीपुंजांमागे ६० किलो कोष धरले तरी ५,००० अंडीपुंजांमागे ३,००० किलो कोषांचा प्रश्न असतो आणि तो २५ घरांच्या हंगामाचा प्रश्न असतो.

अशा विद्यार्थ्याच्या मनात कोणते प्रश्न येतील ते पाहावे. अळ्या काही जाग्या व काही कातीत आहेत, पाला घालावा की थांबावे, हा प्रश्न रात्री ९ वाजता उद्भवतो व त्याचे उत्तर त्याच रात्री हवे असते. कातीच्या वेळी पाला बंद ठेवून, चुना भुरभुरून बिछाना कोरडा राखावयाचा असतो. तो क्षण चुकला की अळ्या लहानमोठ्या होतात आणि पुढे सारी तुकडी विस्कळीत होते. शेतकऱ्यांकडून आगाऊ मागणी कशी लिहून घ्यावी, हा प्रश्न आठवड्याभरात सुटला तरी चालतो. केंद्रासाठी तुतीची स्वतंत्र बाग किती लावावी, हा प्रश्न हंगामापूर्वी विचारावयाचा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे चॉकी सांभाळणारा देईल, दुसऱ्याचे व्यवहारात मुरलेला मनुष्य देईल, तिसऱ्याचे शास्त्रज्ञ देईल. या तिन्ही प्रश्नांस 'आपला संदेश मिळाला, सात दिवसांत उत्तर देऊ' असे एकच छापील उत्तर देणारे व्यासपीठ या विद्यार्थ्याच्या काहीही उपयोगाचे नाही.

व्यासपीठाची आखणी

वरील उदाहरणावरून आखणीची सूत्रे निघतात, ती पुढीलप्रमाणे होत.

१. प्रश्नांची तीन प्रतींत विभागणी करावी. व्यासपीठावर विद्यार्थ्याने प्रश्न लिहितानाच तो तातडीचा, आठवड्याचा की हंगामाचा हे निवडावे. तातडीच्या प्रश्नास लेखी उत्तराची वाट न पाहता मार्गदर्शकाचा दूरध्वनी जोडून मिळावा. तो उपलब्ध नसेल तर त्याच विषयातील दुसऱ्याकडे प्रश्न आपोआप जावा. आठवड्याच्या प्रश्नास लेखी उत्तर पुरे. हंगामाचा प्रश्न प्रत्यक्ष बैठकीसाठी राखून ठेवावा. प्रत्येक प्रश्न तातडीचा म्हणून टाकण्याची सवय लागू नये म्हणून महिन्याच्या अखेरीस कोणते प्रश्न खरोखर तातडीचे होते हे दोघांनी मिळून पाहावे.

२. एका विद्यार्थ्यास तीन मार्गदर्शक असावेत. ज्याने तो धंदा स्वतः केला आहे असा शेतकरी किंवा उद्योजक, त्या विषयाचा शास्त्रज्ञ आणि हिशेब व बाजार जाणणारा मनुष्य, असे हे त्रिकूट होय. तिसऱ्या कामासाठी सेवानिवृत्त बँक अधिकारी, सहकारी संस्थेचे जाणते सचिव किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे व्यवस्थापक उपयोगी पडतील. तिघांपैकी एक मुख्य असावा. तो कोण हे धंद्याच्या अवस्थेवरून ठरवावे आणि अवस्था बदलली की बदलावे.

३. जोडी जुळविताना कामास प्राधान्य द्यावे. पुष्कळ ठिकाणी मार्गदर्शकाची पदवी व पद पाहून यादी केली जाते. त्याऐवजी गुण द्यावयाचे झाल्यास १० पैकी ४ गुण तेच काम प्रत्यक्ष केल्याच्या अनुभवास, २ गुण जमीन, पाणी व तालुका यांच्या सारखेपणास, २ गुण भेटीस येण्याजोग्या अंतरास आणि २ गुण दोघांच्या सवडीच्या वेळा जुळण्यास द्यावेत. हे काम संगणक करू शकतो. तथापि शेवटची निवड माणसाने करावी. कोणाचे कोणाशी जमेल हे यंत्रापेक्षा कृषी विज्ञान केंद्रातील अनुभवी कार्यकर्त्यास अधिक कळते.

४. मार्गदर्शकावर भार मर्यादित ठेवावा. चांगला शेतकरी हा आधीच कामात असतो. एका मार्गदर्शकाकडे तीनपेक्षा अधिक विद्यार्थी देऊ नयेत. त्याने सवडीचे तास स्वतः कळवावेत. पेरणी, छाटणी, बहार धरणे किंवा काढणी या दिवसांत त्यास 'सध्या नाही' असे एका खुणेने सांगता यावे. हे न केल्यास पहिल्या हंगामातच उत्तम मार्गदर्शक गळतात आणि ज्यांना भरपूर सवड आहे तेवढेच उरतात.

५. मुदत ठरलेली असावी. हा संबंध किमान एका पुऱ्या हंगामाचा व शक्यतो १२ महिन्यांचा असावा. आरंभी एका पानाचे पत्रक दोघांनी भरावे. त्यात विद्यार्थ्याचे उद्दिष्ट, घरातून घातला जाणारा जास्तीत जास्त पैसा, तोटा कोठवर गेल्यास थांबावयाचे ती सीमा आणि भेटीच्या तारखा एवढ्या चार गोष्टी असाव्यात. तोट्याची सीमा आधी लिहून ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण अडचणीत सापडल्यावर ती लिहिण्याइतके मन स्थिर राहत नाही.

६. व्यासपीठ मराठीत व हलके असावे. खेड्यात सर्वत्र सारखा संपर्क मिळत नाही. म्हणून मोठी चित्रे व चलचित्रे यांवर भर न देता लिखित मजकूर, आवाजातील संदेश व छायाचित्र एवढ्यावर काम भागावे. संपर्क तुटला तरी लिहिलेला प्रश्न यंत्रात राहून पुढे आपोआप जावा. अनेक जुन्या जाणत्या शेतकऱ्यांस टंकलेखनापेक्षा बोलणे सोपे जाते. त्यांच्या आवाजातील उत्तर जसेच्या तसे जपून ठेवण्याची सोय असावी.

७. उत्तरे साठवावीत. एकाने विचारलेला प्रश्न पुढील वर्षी दुसरा विचारणारच. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकून व दोघांची संमती घेऊन अशी प्रश्नोत्तरे पीकवार व महिनावार लावून ठेवल्यास काही वर्षांत जिल्ह्याचा स्वतःचा अनुभवकोश तयार होईल. ज्या सल्ल्याने नुकसान झाले तोही त्यात प्रांजळपणे नोंदवावा.

मार्गदर्शक कोणास म्हणावे

प्रगतिशील शेतकरी हा आपोआप उत्तम मार्गदर्शक असतो असे समजणे चुकीचे होईल. ज्याला आपण केले तेच बरोबर वाटते, तो दुसऱ्याच्या रानातील वेगळी परिस्थिती ऐकून घेत नाही. मोसंबीची कलमे तयार करावयास निघालेल्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. चांगला मार्गदर्शक त्यास आधी विचारील की, मातृवृक्ष रोगमुक्त आहेत काय, खुंट रंगपूर लिंबाचे आहेत काय, उन्हाळ्यात रोपांस पाणी कोठून देणार आणि १९६९ च्या महाराष्ट्र फळ रोपवाटिका अधिनियमाप्रमाणे परवाना काढला आहे काय. कलम विक्रीयोग्य होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ जातो. तेवढ्या काळात घरखर्च कशावर चालेल हा प्रश्नही तोच विचारील. आणि समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत तर 'या वर्षी थांब, आधी ५०० कलमे करून पाहा' असे स्पष्ट सांगेल. उत्तेजन देणारे पुष्कळ भेटतात. वेळेवर थांबविणारा भेटणे हे विद्यार्थ्याचे भाग्य होय.

यास्तव मार्गदर्शकांसाठीही एक दिवसाचा छोटा वर्ग कृषी विज्ञान केंद्रांनी घ्यावा. प्रश्न कसे विचारावे, निर्णय विद्यार्थ्यास कसा घेऊ द्यावा, आपल्यास ठाऊक नसेल तेथे दुसऱ्याकडे कसे पाठवावे, एवढे तीन विषय त्यात पुरेत.

सावधगिरी

काही धोके आरंभीच ध्यानात घ्यावयास हवेत. बियाणे, खते, औषधे किंवा यंत्रे विकणाऱ्या व्यक्तीस मार्गदर्शक म्हणून घेण्यास हरकत नाही, कारण बाजाराचे ज्ञान तिच्याजवळ असते. मात्र तिने आपला धंदा नोंदणीच्या वेळी जाहीर केला पाहिजे आणि स्वतःच्या मालाची शिफारस ही सल्ला म्हणून करता कामा नये. विद्यार्थ्याकडून मार्गदर्शकाने पैसे घेणे किंवा त्यास पैसे उसने देणे या दोन्ही गोष्टींस बंदी असावी. भांडवलात भागी करावयाची असल्यास मार्गदर्शकाचे नाते आधी संपवावे व मग करारपत्र करावे.

कृषिकन्यांच्या बाबतीत अधिक काळजी घेतली पाहिजे. त्यांचा वैयक्तिक दूरध्वनी क्रमांक मार्गदर्शकास न दिसता बोलणे व्यासपीठामार्फत जोडले जावे. प्रत्यक्ष भेटी महाविद्यालयात, केंद्रात किंवा दोन विद्यार्थिनींनी मिळून जाव्यात अशी व्यवस्था असावी. तक्रार ऐकण्यासाठी एका महिला अधिकाऱ्याचे नाव प्रथम पानावर असावे. महिला शेतकरी व बचतगटांच्या अनुभवी कार्यकर्त्या यांची मार्गदर्शक म्हणून नोंदणी आग्रहपूर्वक केल्यास यांतील पुष्कळ अडचणी मुळातच उद्भवणार नाहीत.

विद्यार्थ्याने सांगितलेली कल्पना, घरचा हिशेब व कर्जाचा तपशील ही गुप्त माहिती होय. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. त्यास अनुसरून कोणती माहिती कशासाठी घेतली जाते हे सोप्या मराठीत सांगावे, संमती घ्यावी आणि काम संपल्यावर ती माहिती पुसून टाकण्याची सोय ठेवावी.

भेटीवाचून चालणार नाही

ऑनलाइन व्यासपीठ हे भेटीची जागा घेण्यासाठी नसून दोन भेटींमधील अंतर भरून काढण्यासाठी आहे, हे विसरता कामा नये. पानांवरील रोगाचे छायाचित्र पाठविता येते, मातीचा वास व मजुरांशी बोलण्याची रीत पाठविता येत नाही. दूरवरून उत्तर देण्याची सोय आपणास नवीन नाही. किसान कॉल सेंटर २००४ पासून शेतकऱ्यांच्या प्रश्नांस दूरध्वनीवर उत्तरे देत आहे. तथापि तेथे विचारणारा व सांगणारा यांची ओळख नसते आणि दर वेळी हकिकत नव्याने सांगावी लागते. मार्गदर्शनाचे वैशिष्ट्य हे की, मागील महिन्यात काय ठरले होते हे सांगणाऱ्यास ठाऊक असते.

म्हणून व्यासपीठाची सांगड खरपुडीच्या मासिक चर्चासत्रासारख्या रुळलेल्या प्रथेशी घालावी. चर्चासत्रास येणाऱ्या विद्यार्थ्यांनी व मार्गदर्शकांनी ते संपल्यावर अर्धा तास एकत्र बसावे आणि महिन्याभरातील हंगामाचे प्रश्न तेथे सोडवावेत. बदनापूर येथेही कृषी विज्ञान केंद्र आहे, तेव्हा पश्चिमेकडील विद्यार्थ्यांस तेथे अशी बैठक ठेवता येईल. मंठा, परतूर व जाफराबाद येथील विद्यार्थ्यांसाठी तीन महिन्यांतून एकदा तालुक्याच्या ठिकाणी भेट ठेवावी.

आरंभ लहान असावा

अशा कामात आरंभीच मोठा खर्च करून संकेतस्थळ उभारणे इष्ट नाही. पहिल्या वर्षी २० विद्यार्थी व ३० मार्गदर्शक पुरेत. प्रत्येक विद्यार्थ्यास तीन मार्गदर्शक म्हणजे एकूण ६० जोडण्या होतात आणि त्या ३० जणांत वाटल्यास प्रत्येकाकडे दोनच विद्यार्थी येतात. तीनची मर्यादा न ओलांडता एखादा मार्गदर्शक गळाल्यास दुसरा त्याची जागा घेऊ शकतो. नोंदणीचा तक्ता, व्हॉट्सॲपवरील गट व एक समन्वयक एवढ्यावर हा प्रयोग चालू शकेल. कोणत्या गोष्टीसाठी लोक वारंवार अडतात हे एका वर्षात कळून येईल आणि तेवढ्याच गोष्टींसाठी मग स्वतंत्र व्यासपीठ घडवावे. शेतकरी नवे वाण आधी एका वाफ्यात पाहतो व मग रानभर पेरतो, तीच रीत येथेही योग्य होय.

प्रयोगास आरंभ कृषिदूत व कृषिकन्या गावात येण्याच्या सुमारास करावा. कार्यानुभवाच्या काळात विद्यार्थ्याने धंद्याची निवड व मार्गदर्शकांची ओळख करावी, पुढील सत्रात लहान प्रमाणावर प्रत्यक्ष उत्पादन घ्यावे आणि पदवीनंतरचे पहिले सहा महिने मार्गदर्शन चालू ठेवावे. म्हणजे वर उल्लेखिलेला खंड भरून निघेल. त्यानंतर प्रशिक्षण किंवा अर्थसाहाय्याच्या योजनेकडे जाताना त्याच्या हाती नुसती कल्पना नसून एका तुकडीचा खराखुरा हिशेब असेल. योजनांच्या अटी वेळोवेळी बदलतात. त्या अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात पाहून घ्याव्यात.

वर्षाच्या अखेरीस यश मोजताना किती जणांनी नावे नोंदविली हा आकडा पुढे करू नये. तातडीच्या किती प्रश्नांस वेळेत उत्तर मिळाले, पैसा घालण्यापूर्वी किती जणांनी आपली योजना बदलली किंवा सोडली आणि दुसऱ्या हंगामात किती जणांचा धंदा चालू राहिला, हे तीन आकडे पाहावेत. ज्याने विचारपूर्वक धंदा न करण्याचे ठरविले आणि घरचे भांडवल वाचविले, त्याचीही गणना यशातच केली पाहिजे.

समारोप

जालना जिल्ह्यात जाणत्या शेतकऱ्यांची वाण नाही. दुष्काळात टँकरने पाणी घालून बाग जगविणारे, पहिल्या तुकडीत फसून दुसरीत सावरलेले, पाणलोटाच्या कामात श्रमदान करून गावाचे रूप पालटलेले पाहणारे असे लोक आपल्या गावोगावी आहेत. त्यांच्याजवळील ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही आणि ते त्यांच्याबरोबरच संपून जाऊ देणे हे मोठे नुकसान होय. दुसऱ्या बाजूस, शिकलेला मुलगा शेती सोडून शहराची वाट धरतो म्हणून आपण हळहळतो. परंतु तो एखादी नवी गोष्ट करू पाहतो त्या वेळी त्याच्या पाठीशी कोण उभे राहते, याचाही विचार केला पाहिजे.

तरी अनुभवी शेतकरी बंधुभगिनींनी आपले नाव, आपण केलेले काम व सवडीच्या वेळा नजीकच्या कृषी विज्ञान केंद्राकडे कळवाव्यात. विद्यार्थ्यांनी आपली कल्पना एका पानावर लिहून, तिच्याखाली आपल्यास पडलेले तीन प्रश्न लिहावेत आणि ते पान घेऊन येत्या ५ तारखेच्या चर्चासत्रास यावे. संगणकावरील जोडणी यथावकाश होईल, पण या एका पानासाठी तिची वाट पाहण्याचे कारण नाही.